बंद गाडीचे तास

२ मार्च

टायरच्या दुकानदाराने नवीन वर्षाला दिलेली ही डायरी आजवर डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होती. आज काढली. टेबल पुन्हा डळमळायला लागलंय, पण माझ्याइतकं नाही.

काल संध्याकाळी बातमी आली की मध्यरात्रीपासून पेट्रोलवर नवा अधिभार. शिवाय साबण, बल्ब, दाढीचं ब्लेड, जे जे वापरून संपतं त्या सगळ्यावर वाढीव कर. आता लिटरमागे पेट्रोलची किंमत कमी आणि कराची जास्त. नाकापेक्षा मोती जड. माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाडी, एक पाटी आणि मी. शाळेला खडू लागतो तसं मला पेट्रोल लागतं, एवढं सांगितलं की माझी दशा कळेल.

बातमी ऐकल्याबरोबर जुन्या भावात टाकी भरून घ्यायला पंपावर धावलो. माझ्यासारखे शहाणे दीडशे तरी होते. दोन तास रांगेत. गाडी सुरू करायची, हातभर पुढे घ्यायची, बंद करायची. माझा नंबर आला तेव्हा पंपवाला म्हणाला, "मास्तर, संपलं." घरी पोचेपर्यंत काटा लाल रेघेवर.

ताई दारातच होती. ताई माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून ती माझ्याकडे राहते. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी तिच्याकडे राहतो. म्हणाली, "पेट्रोल आणायला गेलास आणि होतं ते सांडून आलास होय?"

उद्यापासून काटकसर. काय काय करतो ते इथे लिहून ठेवणार.

५ मार्च

अकरा विद्यार्थी होते, सहा उरले. फी वाढवावी लागली. विम्यात काम करणारा एक जण फोनवर म्हणाला, "मास्तर, चालवायला शिकून करू काय? गाडी आता फक्त पुसायला परवडते." माणूस बिनडोक आहे, पण यात त्याला नावं ठेवता येईना.

उरलेल्यांत नर्सबाई आहेत. त्या घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या जखमा बांधतात, इंजेक्शनं देतात. चोपन्न वर्षांच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा दुसऱ्या शहरात. जानेवारीपासून शिकतायत. कोर्स चोवीस तासांचा, आज त्यांचा एकतिसावा झाला. जादा तासांचे मी पैसे घेत नाही. कच्चा विद्यार्थी रस्त्यावर सोडायचा नाही, हे माझं तत्त्व आहे.

ताई म्हणाली, "तो विमेवाला तर खांबावर गाडी घालायचा. त्याला बरा कच्चाच सोडलास?"

तो मुळातच वाया गेलेला होता. त्याच्यावर पेट्रोल जाळण्यात अर्थ नव्हता.

९ मार्च

युक्ती सापडली! तीन तासांपैकी दोन तास बंद गाडीत घ्यायचे. फर्निचरच्या गोदामामागे गाडी उभी करायची, किल्ली फक्त स्टिअरिंग सुटण्यापुरती फिरवायची, आणि सगळं शिकवायचं. पट्टा, आरसा, क्लच, गिअर, सिग्नल, वळण. हाताला आणि पायाला सवय लागली की झालं. पेट्रोल शून्य.

एकच अडचण आली. गिअर कधी बदलायचा हे माणूस इंजिनच्या आवाजावरून ओळखतो, आणि आवाजच नाही. मग तो मी काढला. तोंडाने. पहिल्या गिअरला जाड, दुसऱ्याला जरा बारीक, चुकलं की घरघर. माझं इंजिन फार चांगलं निघतं, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

नर्सबाई आधी इतक्या हसल्या की पट्टा सोडून बसल्या. मग डोळे पुसले, आरसा बघितला आणि म्हणाल्या, "हं, करा सुरू." आम्ही जागच्या जागी गावाला फेरी मारून आलो. गोदामाचा हमाल खिडकीशी येऊन विचारून गेला, "दवाखान्यात न्यायचंय का कोणाला?"

१४ मार्च

ताईने नवा साबण दाखवला. खोका तेवढाच, आतली वडी अर्धी. "कर बघ कसा घेतात," ती म्हणाली, "हवा विकून." बिस्किटंही बारीक झालीत. ती म्हणते पूर्वी चहात बुडवली की मोडायची, आता बुडवायच्या आधीच दिसेनाशी होतात.

१७ मार्च

आज नर्सबाईंनी सरळच विचारलं, "मास्तर, माझ्या अर्जावर सही कधी करणार?"

परीक्षेच्या अर्जावर शाळेची सही लागते, विद्यार्थी तयार आहे म्हणून. त्याशिवाय तारीख मिळत नाही. मी म्हणालो, अजून थोडं थांबू. तुम्ही आरशात गरजेपेक्षा क्षणभर जास्त बघता. आणि कोणी रस्ता ओलांडत असेल तर काच खाली करून "सावकाश, सावकाश" म्हणता. परीक्षकाला ते आवडत नाही.

त्या म्हणाल्या, "काच खाली करणं बंद करते. मग?"

मग बघू म्हणालो.

त्यांची घाई मला कळते. टेकडीवरच्या वसाहतीत त्यांचे चार पेशंट आहेत. त्यांतले एक बोटीवर खानसामा होते, पण सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. साखरेचा आजार, पायाला जखम. ती रोज धुऊन बांधावी लागते. "एक दिवस चुकला तर चालतं," नर्सबाई म्हणाल्या, "चार दिवस चुकले तर पाय काढतील." आता दोन बस बदलून जातात. भाडं दीडपट झालंय आणि पेशंट जास्त द्यायला तयार नाहीत. त्यांच्याही साबणाची वडी अर्धी झालीय ना.

पण घाई आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मास्तरने मऊ होऊन चालत नाही.

१८ मार्च

आजचा तास बंद गाडीतला होता. अर्धा वेळ बोलण्यातच गेला. बंद गाडीत शांतता फार असते. बाई एकट्या राहतात, पण रेडिओ दोन ठेवतात, दोन खोल्यांत दोन. "नाहीतर एकटंच बोलत बसावं लागतं," म्हणाल्या. मी म्हणालो, माझ्या घरी ताई आहे, मला बोलायला मिळतच नाही. लग्नाचं विचारलं त्यांनी. राहून गेलं म्हणालो. कारण काही नाही, राहून गेलं.

चौथा गिअर घ्यायचा राहिला. उद्या घेऊ.

२६ मार्च

बसस्टॉपवर कागद चिकटवलाय. डिझेल परवडत नसल्याने टेकडीची बस १५ एप्रिलपासून बंद. खाली साहेबाची सही आणि "गैरसोयीबद्दल दिलगीर." हे साहेब बसने जात नसणार.

नर्सबाई तासाला आल्या त्या कागदाचा फोटो काढूनच. "मास्तर, आता सही करा. आज केलीत तर पहिल्या आठवड्यात तारीख मिळेल."

मी म्हणालो, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलताना तुमचा हात किंचित थरथरतो.

त्या हळूच म्हणाल्या, "चढावर आपण एकदाच गेलोय. पेट्रोल वाचवायला तुम्हीच जात नाही." नंतर मी इंजिनचा आवाज काढला तरी हसल्या नाहीत.

घरी आल्यावर ताईला सांगितलं. तिने भांडं जरा जोरात ठेवलं. "त्या कॅप्टनच्या पायाचं काय होणार ते सांग आधी. ती बाई रुग्णाला सुई टोचताना हात थरथरू देत नाही, तुझ्या गाडीत थरथरतो होय? थरथरतंय कोण, ते बघ जरा."

तिला ड्रायव्हिंगमधलं काही कळत नाही.

२८ मार्च

सही केली. अक्षर जरा वाकडं आलं. ७ एप्रिलची तारीख मिळाली. म्हणजे तोवर आणखी चार तास. दोन बंद, दोन चालू. की तीन बंद? पेट्रोल कालच परत वाढलं.

३ एप्रिल

तीन बंद घेतले. बाई बंद गाडी इतकी सुंदर चालवतात की बघत बसावं.

७ एप्रिल

कसं लिहू!

परीक्षेचं मैदान किंचित उताराचं आहे. परीक्षक म्हणजे तो कपाळावर कायमची आठी असलेला. तो आत बसला, मी बाहेर झाडाखाली. नर्सबाईंनी पट्टा लावला. आरसा बघितला, नेमका हवा तेवढाच. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, सिग्नल दिला, हँडब्रेक सोडला. गाडी निघाली. काय निघाली! लोण्यासारखी. माझा ऊर भरून आला. शेजारच्या स्कूलवाल्याला मी कोपराने ढोसलं देखील.

दहा-बारा हात गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आवाज येत नाहीये. म्हणजे येत होता. जाड, मग जरा बारीक. नर्सबाई तोंडाने काढत होत्या.

त्यांनी इंजिन सुरूच केलं नव्हतं. उतारावर गाडी आपोआप घरंगळत होती, त्या तोंडाने घुर्रर्र करत होत्या, आणि परीक्षक त्यांच्याकडे बघत होता. दुसरा गिअर टाकून त्यांनी क्लच सोडला तेव्हा गाडीने असा गचका दिला की त्याची शेरे लिहायची पाटी काचेवर आदळली.

त्याने शेऱ्यात लिहिलं: "इंजिन सुरू न करता वाहन चालवले. आवाज स्वतः काढला." नापास. पुन्हा परीक्षा एकवीस दिवस उलटल्यावर, म्हणजे २९ एप्रिलला.

परतताना मी चालवली. त्यांच्या घराशी उतरताना त्या म्हणाल्या, "बस पंधराला बंद होतेय, मास्तर." दार त्यांनी हळू लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

८ एप्रिल

आज तास घेतले नाहीत. अंगात कणकण आहे म्हणून विद्यार्थ्यांना कळवलं. कणकण नाही.

बचत कोणाची झाली? मी माझं पेट्रोल वाचवलं आणि कर भरला कॅप्टनच्या पायाने. सरकारने भाव वाढवला म्हणून महिनाभर शिव्या घालतोय, पण सरकारने काही मला तोंडाने घुर्रर्र करायला सांगितलं नव्हतं.

ताई आज एक शब्द बोलली नाही. चहा दोनदा दिला. ती अशी वागली की समजावं, चूक मोठी आहे.

९ एप्रिल

नर्सबाईंकडे गेलो आणि सांगितलं, पंधरा तारखेपासून रोज संध्याकाळी पाच वाजता गाडी तुमच्या दारात. टेकडीवर तुम्ही चालवायची, मी शेजारी बसणार. शिकाऊ माणसाने मास्तरला घेऊन चालवायला कायद्याची हरकत नाही. दोन आठवडे चढाचाच सराव होईल.

"पेट्रोल?" त्यांनी विचारलं.

"जळेल," मी म्हणालो.

१५ एप्रिल

पहिला दिवस. जुन्या बसस्टॉपवर तीन माणसं उभी होती. बस बंद झाल्याचं त्यांना माहीत होतं, तरी उभी होती. पाय नेतात तिथे माणूस जातो. एक वसाहतीतल्या शाळेतल्या बाई, एक सुतार, एक कोणाकडे तरी स्वयंपाकाला जाणाऱ्या आजी. नर्सबाईंनी सिग्नल देऊन गाडी कडेला घेतली, माझ्याकडे न बघता.

मी म्हणालो, हे नियमात बसत नाही.

"मागच्या सीटवर बसतं ना?" त्या म्हणाल्या, आणि दार उघडलं. तिघं बसले. सुताराने करवत पायाशी घेतली. आजींनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हणालो, मी शिकवतो. "मग ही बाई का चालवतेय?" म्हणाल्या.

चढावर समोर ट्रक आला. बाईंनी गाडी थांबवली, पुन्हा उचलली. हात थरथरला नाही. मी नीट बघत होतो.

कॅप्टनच्या घरी मी बाहेरच थांबणार होतो, पण त्यांनी आतून हाक मारली. खुर्चीत पाय पुढे करून बसले होते. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हीच का ते इंजिन?"

म्हणजे बाईंनी सगळं सांगितलंय. आणखी काय काय सांगितलंय कोण जाणे. "इंजिन चांगलं आहे म्हणते ही," कॅप्टन म्हणाले, "फक्त सुरू व्हायला वेळ लावतं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले की बाईंनी पाय धरून ठेवला. पट्टी बांधताना बाईंचे हात मी पहिल्यांदाच पाहिले. गाडीत मी पायच बघत होतो. कापूस, चिमटा, पट्टी, सगळं न बोलता, आणि कॅप्टनला दुखलं की त्या आधी थांबत होत्या, ते "आई गं" नंतर म्हणत होते.

२१ एप्रिल

बंद तास सगळ्यांचेच बंद केले. शिकवायचं तर गाडी चालू ठेवून. फी आणखी थोडी वाढवली, दोन विद्यार्थी गेले, एक परत आला. विमेवाला! म्हणाला, बस बंद झाल्यावर गाडी फक्त पुसून भागत नाही.

सुतार, शाळेच्या बाई आणि आजी रोज असतात. वर्गणी काढून पेट्रोलला हातभार लावतात. आजी माझ्याआधी सांगतात, "आरसा बघ गं."

ताई म्हणते, मी हल्ली पाचच्या आधी पुन्हा दाढी करतो. ब्लेडवर कर वाढलाय याची तिने मला आठवण करून दिली. टेकडीवर धूळ असते, त्यामुळे चेहरा खराब होतो. तिला म्हणालो तसं. "हो," ती म्हणाली, "आणि धूळ बसते म्हणूनच इस्त्रीचा शर्ट घालतोस."

२९ एप्रिल

पास! इंजिन सुरू केल्यावर आठीवाला परीक्षक म्हणाला, "आज आवाज गाडीचा आहे ना?" बाई म्हणाल्या, "ऐका." बाकी सगळं निर्दोष. आरशात मात्र क्षणभर जास्त बघितलं. त्याने काही म्हटलं नाही.

मी अभिनंदन केलं. म्हणालो, आता उद्यापासून तुमची गाडी घेऊन तुम्ही सुटलात.

"कुठली गाडी?" त्या म्हणाल्या.

चार महिने शिकवतोय आणि हे मी विचारलंच नव्हतं! गाडी नाही. ज्या संस्थेकडून त्या जातात ती गाडीसाठी कर्ज देणार होती. कर वाढल्यावर संस्थेने हात वर केले. "तुमची गाडी संध्याकाळी सहानंतर उभीच असते," त्या म्हणाल्या. "ती मला चालवायला द्याल का? भाडं देईन. मार्चपासून विचारायचं होतं. पण लायसनच नाही तर विचारू कशाच्या जोरावर?"

दिली. पेशंटना त्या सहानंतरची वेळ देणार आहेत. मला वाईट वाटायचं काही कारण नाही. मी रोज सहाला मोकळा. केवढा वेळ मिळेल.

४ मे

सहाला बाई वर येऊन किल्ली नेतात, साडेसातला परत आणून देतात. दोन्ही वेळा तीन मजले चढून. लिफ्ट विजेच्या बिलामुळे सोसायटीने बंद ठेवलीय. संध्याकाळी परत आल्या की बसतात थोडा वेळ. कॅप्टनची जखम भरत आलीय. काल सुताराने गाडीचं कुरकुरणारं दार दुरुस्त करून दिलं. ताई चहा करते आणि मग तिला नेमकं आतल्या खोलीत काहीतरी काम निघतं.

दिवसभर राबलेल्या बाईने रोज दोनदा तीन मजले चढायचे, हे काही मला बघवेना.

६ मे

किल्लीवाल्याकडून दुसरी किल्ली करून आणली. बाईंना दिली. म्हणालो, आता ही तुमच्याकडेच. रोजचा हेलपाटा वाचला. खालच्या खाली गाडी घ्यायची, खालच्या खाली लावायची.

त्या किल्लीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."

आवडली नसावी का? चांगली आहे, पितळेची.

९ मे

तीन दिवस गाडी सहाला जाते आणि साडेसातला येते. खिडकीतून दिसते. बरोबर दोन रेघांच्या मध्ये लावतात. मी शिकवलंय.

पोटात जळजळतंय. तिन्ही दिवस साडेसातला चहा प्यायलो नाही, म्हणून असेल. की प्यायलो म्हणून?

ताईला म्हणालो, औषध आण. तिने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. "मला एक सांग," म्हणाली, "किल्ली परत द्यायला तीन मजले चढावे लागतात म्हणून कोणी अर्धा तास बसतं का रे? चहा काय माझा इतका चांगला असतो? काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुला तर कळसासुद्धा बाहेर काढून कोणीतरी हातात द्यायला हवा."

मी म्हणालो, म्हणजे?

ती उठून आत गेली. जाता जाता म्हणाली, "सही का अडवून ठेवली होतीस इतके दिवस? ते तरी समजलं का तुला?"

मघापासून हे पान उघडं ठेवून बसलोय. मागची पानं वाचली. आरशात क्षणभर जास्त बघतात. हात थरथरतो. एकतिसावा तास, जादा पैसे नाहीत, तत्त्व. ही तत्त्वं नाहीत. हे मी आहे.

मला त्यांचं शिकणं संपायला नको होतं. एवढ्यासाठी मी एका माणसाचा पाय पणाला लावला होता.

१० मे

साडेसातच्या आधीच खाली जाऊन उभा राहिलो. गाडी आली. दोन रेघांच्या मध्ये. बाईंनी दार लावलं, मला बघितलं.

मी म्हणालो, "मला सांगायचंय." आणि सांगितलं. तुम्ही फेब्रुवारीतच तयार होता. मी खोटं बोलत होतो. तुमचे तास संपायला नको होते म्हणून सही अडवली. बंद गाडीचं खूळही मी मुद्दाम लांबवलं, पेट्रोलच्या नावाखाली. मला तुम्ही आवडता, आणि हे मला काल कळलं, हे त्याहून लाजिरवाणं आहे.

एका श्वासात बोललो. वॉचमन रेडिओ बंद करून ऐकत होता.

बाईंनी गाडीला कुलूप लावून जुडगा पर्समध्ये टाकला. मग म्हणाल्या, "मला एकतिसाव्या तासाला कळलं होतं. गंमत वाटायची तोवर. बसचा कागद लागला आणि तुम्ही चढावर थरथरणाऱ्या हाताचं कारण काढलंत, तेव्हा फार राग आला. कॅप्टनचा पाय गेला असता ना मास्तर, तर मी तुमच्याशी जन्मात बोलले नसते. हे लक्षात ठेवा."

"ठेवीन," मी म्हणालो. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "परीक्षेत इंजिन सुरू करायचं तुम्ही..."

"ते खरंच विसरले," त्या म्हणाल्या. "तेवढी मी हुशार नाही."

मग त्यांनी पर्स उघडली, जुडग्यातून पितळेची किल्ली सोडवली आणि माझ्या हातात दिली. "ही ठेवा तुमच्याकडे. मी रोज मागायला येईन."

"तीन मजले?"

"हेलपाटा वाटत असेल तर..."

"नाही!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो की वॉचमन उभा राहिला.

वर आलो. ताई खिडकीतून बाजूला होत होती आणि तिथे नसल्यासारखं दाखवत होती. मी दाराजवळच्या खिळ्याला किल्ली अडकवायला हात उंचावला.

"तिथे नको," ती म्हणाली. "दारातूनच घेऊन जाईल ती. आत ठेव."

आत ठेवली.